गाडीच्या दिव्यांना लागलेले ऊन

गेल्या जुलैतली गोष्ट. वसईहून परतताना रात्रीचे साडेदहा वाजले होते. वरसावे पूल ओलांडून काशिमीऱ्याकडे येत असताना पावसाची मोठी सर आली. गाडीचा वेग फार नव्हता, वायपर चालू होते, दिवेही लावलेले होते. तरीही काळी छत्री घेऊन रस्ता ओलांडणारा माणूस मला दिसला तो अगदी जवळ आल्यावर. करकचून ब्रेक दाबला, गाडी थांबली. तो माणूस हात वर करून निघून गेला. मागून कुणी येत नव्हते म्हणून निभावले. घरी पोचेपर्यंत हात थरथरत होते. पावसामुळे दिसले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सकाळी सोसायटीच्या आवारात गाडीकडे प्रथमच नीट समोरून पाहिले. तेरा वर्षांची हॅचबॅक, आणि पुढच्या दोन्ही दिव्यांच्या काचा पिवळट, दुधाळ झालेल्या. आतला बल्ब कुठे आहे तेही धड कळत नव्हते. शेजारचे काका फिरून परत येत होते. ते थांबले आणि म्हणाले, "गाडीला मोतीबिंदू झालाय गं तुझ्या. माझा गेल्या वर्षी काढला, आता हिचा काढ. टूथपेस्ट घास, चकाचक होईल."

टूथपेस्ट घासली. खरोखर चकाचक झाले. गणपतीपर्यंत मी खुशीत होते. दिवाळीला दिवे पुन्हा जसेच्या तसे पिवळे! काकांचा मोतीबिंदू परत आला नाही, मग गाडीचा का यावा? या प्रश्नाच्या उत्तरातच दिवे घरच्या घरी साफ करण्याची योग्य रीत दडलेली आहे.

म्हणायची काच, असते प्लास्टिक

आपण 'दिव्याची काच' म्हणतो ते सवयीने. अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच असायची. ती दगड लागून तडकायची, पण कधी पिवळी पडली नाही. आजच्या गाड्यांच्या दिव्यांवर असते ते पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लास्टिक. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीतले हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधले डॅनियल फॉक्स या दोघांना ते स्वतंत्रपणे गवसले. वजनाला काचेच्या निम्मे, हव्या त्या आकारात ओतता येणारे आणि दगड लागला तरी सहसा न फुटणारे. हेल्मेटचे पारदर्शक झाकण, सीडी, चष्म्याची न फुटणारी भिंगे, शेडवरचे पारदर्शक पत्रे अशा कितीतरी वस्तू त्याच्या होतात. अमेरिकेत १९४० पासून मोटारींना काचेचे ठरावीक आकाराचे बंद दिवे सक्तीचे होते. १९८३ मध्ये तो नियम सैल झाला आणि प्लास्टिकच्या दिव्यांना वाट मिळाली. पुढे जगभरच्या गाड्यांचे 'चेहरे' बदलले ते यामुळेच.

या गुणी प्लास्टिकमध्ये दोन खोडी आहेत. एक, त्यावर ओरखडे फार पटकन पडतात. दोन, त्याला ऊन सोसत नाही. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पॉलिकार्बोनेटच्या लांबलचक रेणूंमधले बंध तोडतात. तुटलेली टोके हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि त्यातून पिवळ्या रंगाची संयुगे तयार होतात. पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. कारखान्यांना हे ठाऊक असल्यामुळे दिव्यावर बाहेरून एक कडक, पारदर्शक लेप दिलेला असतो. ओरखडे अडवणे आणि अतिनील किरण शोषणे ही त्याची दोन कामे. हा लेप आपल्या केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. काही वर्षांत तो विरतो, सोलवटतो आणि खालचे प्लास्टिक उघड्यावर येते.

म्हणजे काकांचे निदान पूर्ण बरोबर नव्हते. मोतीबिंदूत डोळ्याच्या आतले भिंग, त्यातली प्रथिने गढूळ होतात. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. आजच्या बहुतेक कृत्रिम भिंगांच्या पदार्थातच अतिनील किरण शोषणारे द्रव्य मिसळलेले असते. गाडीच्या दिव्याची मुख्य भिस्त मात्र वरच्या पातळ थरावर. त्यामुळे गाडीला मोतीबिंदू झाला असे म्हणण्यापेक्षा तिच्या दिव्यांना ऊन लागले आहे, त्यांची कातडी भाजली आहे, असे म्हणणे अधिक बरोबर. टूथपेस्ट ही भाजलेली कातडी खरवडून काढते, पण उन्हापासून वाचवणारा नवा थर काही देत नाही. उलट जुन्या लेपाचे उरलेसुरले तुकडेही त्यात निघून जातात. मग उघड्या प्लास्टिकला पुन्हा ऊन लागते, तेही पूर्वीपेक्षा लवकर.

आपल्याकडे लवकर का?

मीरा-भाईंदर १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भरदुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर असतो. जुलैत ढग तरी आडवे येतात, मेमध्ये तेही नसतात. जुन्या गाड्यांचे गोल दिवे उभे असायचे. आताचे दिवे बॉनेटच्या उतारावर मागे झुकलेले असतात, म्हणजे तोंड आकाशाकडे करून ऊन खात असतात. त्यात झाकलेली पार्किंग सगळ्यांच्या नशिबी नाही. अनेक गाड्या इमारतींच्या मधल्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षे एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. साहजिकच दक्षिणेकडचा दिवा आधी पिवळा पडतो आणि भिंतीच्या सावलीतला मागे राहतो. आपल्या गाडीचा एक दिवा दुसऱ्यापेक्षा खराब दिसत असेल, तर ती उभी कुठे असते ते आठवून पाहा.

दुसरे कारण रोजच्या सफाईत आहे. बांधकामांची आणि हमरस्त्याची धूळ रात्रभर गाडीवर बसते. सकाळी ती पुसली जाते एका बादलीत आणि एकाच फडक्याने, आधीच्या दहा गाड्यांची वाळू त्या फडक्यात घेऊन. हा दोष पुसणाऱ्याचा नाही. पाणीच तेवढे मिळते. पण प्रत्येक पुसण्यात लेपावर बारीक ओरखडे उठतात. उत्तनचा समुद्र आणि भाईंदरची खाडी जवळ असल्यामुळे पुष्कळांना वाटते की खाऱ्या हवेने दिवे पिवळे होतात. पिवळेपणा हे उन्हाचे काम. काचेवर सुकलेले मिठाचे कण कोरड्या फडक्याने घासले गेले, तर ते ओरखड्यांत भर घालतात एवढेच.

प्रश्न दिसण्याचा नाही, मीटरचा आहे

धूसर दिव्यात प्रकाशाचे दोन प्रकारे नुकसान होते. पिवळी संयुगे थोडा प्रकाश गिळतात. उरलेल्यातला बराचसा बारीक भेगांवर आदळून भलत्याच दिशांना विखुरतो. जो प्रकाश रस्त्यावर पडायला हवा, तो वर आणि बाजूला जातो, पावसाच्या थेंबांवर पडून आपल्याच डोळ्यांसमोर पांढरा पडदा धरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. म्हणजे धूसर दिवा आपल्याला कमी दाखवतो आणि दुसऱ्यालाही त्रास देतो.

हे नुकसान किती? अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये जुन्या, पिवळ्या पडलेल्या दिव्यांची चाचणी घेतली. नव्या दिव्याच्या तुलनेत त्यांचा प्रकाश सुमारे २० टक्केच उरला होता. नीट घासून, लेप देऊन साफ केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला. पूर्ण १०० टक्के हवा तर मूळ कंपनीचा नवा दिवाच बसवावा लागतो.

या आकड्यांचे रस्त्यावरच्या अंतरात रूपांतर करू. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट क्षीण होतो, हा शाळेतला नियम. त्यामुळे प्रकाश २० टक्क्यांवर आला की तेवढाच उजेड पूर्वीच्या ४५ टक्के अंतरापर्यंतच पोचतो. नव्या दिव्यांत ६० मीटरवर दिसणारा माणूस आता २७ मीटरवर दिसेल. दिवे ७० टक्क्यांवर आणले तर तो ५० मीटरवर दिसेल. गणित ढोबळ आहे, पण फरक स्पष्ट आहे.

आता गाडी थांबवण्याचा हिशोब. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. काहीतरी दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच २५ मीटर संपतात. त्यानंतर ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण ६० मीटर. ज्याला माणूस २७ मीटरवर दिसतो, त्याचा ब्रेक लागू होईपर्यंत माणूस बंपरपाशी आलेला असतो. वेग ताशी ४० ठेवला तरी ओल्या रस्त्यावर एकूण ३२ मीटर लागतात, म्हणजे पाच मीटर कमीच पडतात. मी त्या रात्री याहूनही हळू होते. छत्रीवाला माणूस आणि मी, दोघे वाचलो त्याचे कारण एवढेच.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतले सुमारे ३३ हजार पायी चालणारे होते. त्या सगळ्यांचे खापर कुणी धूसर दिव्यांवर फोडणार नाही. पण रात्री चालणाऱ्याच्या अंगावर दिवा नसतो. त्याचे दिसणे सर्वस्वी आपल्या दिव्यांवर अवलंबून असते.

यात वयाचीही भर पडते. वाढत्या वयात डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, आतले भिंगही पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. आणि घरातली जुनी गाडी बहुतेक वेळा घरातल्या ज्येष्ठांकडेच असते! गाडीचे दिवे आणि चालवणाऱ्याचे डोळे, दोन्ही एकदम तपासायला हवेत ते यासाठी.

आधी निदान, मग इलाज

घासायला बसण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा. दिव्यावर पाणी ओता. ओला असताना दिवा बराच स्वच्छ दिसला आणि सुकल्यावर पुन्हा धूसर झाला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि तो घरी काढता येईल. पाणी बारीक भेगांत शिरते आणि पाण्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा प्लास्टिकला जवळचा असल्याने प्रकाशाचे विखुरणे तात्पुरते कमी होते. पाणी ओतूनही काही फरक पडला नाही, आत पाण्याचे थेंब दिसत असतील, प्लास्टिकच्या जाडीत खोल भेगा असतील किंवा मागचा चकचकीत परावर्तक काळवंडला असेल, तर बाहेरून घासून उपयोग नाही. अशा वेळी गॅरेज गाठावे किंवा दिवा बदलावा.

साहित्य थोडेच लागते. पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर (रंगाच्या दुकानात 'वॉटर पेपर' म्हणून मिळतो) १०००, २००० आणि ३००० नंबरचा, मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड किंवा प्लास्टिक पॉलिश, मऊ मायक्रोफायबरची दोन-तीन फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सर्वांत महत्त्वाचा, हेडलाइटसाठीचा अतिनील-रोधक लेप. दिवे साफ करण्याच्या तयार संचात हे बहुतेक सगळे एकत्र असते. संच घेताना त्यात लेप आहे ना, एवढे जरूर पाहा. नुसत्या पॉलिशचा संच म्हणजे महागडी टूथपेस्टच. दोन्ही दिव्यांना मिळून दोन ते तीन तास लागतात.

१. गाडी सावलीत लावा, दिवे बंद आणि थंड असू द्या. साबणाच्या पाण्याने दिवे धुऊन वाळूचा कण न कण काढा. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी चिकटवा. पेपर एकदा जरी बंपरच्या रंगावर फिरला तरी ओरखडा राहतो.

२. पेपर पाण्यात भिजवून १००० नंबरपासून सुरुवात करा. हात आडवा, एकाच दिशेत, हलक्या दाबाने. पाणी सतत मारत राहा. सुरुवातीला पिवळे पाणी निघेल. ते पांढरे होऊ लागले आणि दिवा सगळीकडे सारखा धूसर दिसू लागला की थांबा. कुठे चकाकणारा तुकडा राहिला असेल, तर तिथे जुना लेप शिल्लक आहे. तोही काढा, नाहीतर नवा लेप सारखा बसत नाही.

३. दिवा धुवा. आता २००० नंबर, हात उभा. पुन्हा धुवा. मग ३००० नंबर, हात आडवा. दिशा बदलण्याचे कारण असे की आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते लगेच कळते. या टप्प्यावर दिवा पूर्वीपेक्षा वाईट दिसतो आणि आपण गाडीचे वाटोळे केले असे वाटते. घाबरू नका, इथे सगळ्यांना तसेच वाटते.

४. फडक्यावर थोडे कंपाउंड घेऊन गोल गोल घासा. पारदर्शकता इथे परत येते. हाताला कळ लागते, पण घरी ड्रिलला पॅड लावून घासण्यापेक्षा हात बरा. यंत्राच्या उष्णतेने प्लास्टिक मऊ होऊन कायमचा डाग पडू शकतो.

५. अल्कोहोलने पुसून सगळा तेलकटपणा काढा आणि पूर्ण कोरडे होऊ द्या. मग वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे अतिनील-रोधक लेप एका दिशेत, पातळ आणि न थांबता लावा. तो नीट वाळेपर्यंत, शक्यतो एक दिवस, पाणी लागू देऊ नका. म्हणूनच हे काम पावसाळ्यात नको. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम, नाहीतर पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकावे.

मी हे सगळे एका डिसेंबरच्या रविवारी केले. चौथ्या पायरीपर्यंत माझा धीर सुटत आला होता. पाचवी पायरी मात्र सगळ्यांत कमी वेळ घेणारी निघाली, अवघ्या दहा मिनिटांची. नेमकी तीच मी आणि काका, दोघेही गाळत होतो.

घरगुती उपायांचे खरे-खोटे

टूथपेस्ट: त्यातली सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट घासण्याचे काम करते. थोडा धूसरपणा निघतो, पण लेप नसेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो.

लिंबू आणि खायचा सोडा: दोघे मिळून फेस होतो, म्हणून काहीतरी घडते आहे असे वाटते. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पिवळेपणावर त्याचा काही परिणाम नाही. जे काही निघते ते सोड्याच्या न विरघळलेल्या कणांच्या घासण्याने.

डास पळवणारे मलम किंवा फवारा: त्यातले 'डीट' हे द्रव्य अनेक प्लास्टिक मऊ करते. पृष्ठभाग थोडा विरघळून सपाट झाल्यासारखा दिसतो आणि दिवा जादूने उजळतो. हा उजाळा टिकत नाही, प्लास्टिकचे नुकसान मात्र टिकते. शिवाय ते ओघळून गाडीचा रंगही खराब करते.

पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन: यांना दिव्याच्या जवळही आणू नका. पॉलिकार्बोनेटवर यांमुळे जाळीसारख्या भेगा पडू शकतात आणि त्या घासून जात नाहीत.

खोबरेल तेल: ओरखडे भरून दिवा एखादा दिवस चमकतो. जुनी गाडी विकत घेताना दिवे तेलकट लागले, तर सावध व्हा.

आपली काळजी, खाडीची काळजी

घासण्याचे काम कोरडे करू नका. प्लास्टिकची भुकटी श्वासात जाणे बरे नाही. पाणी मारत राहिल्याने ती उडत नाही आणि पेपरही चोंदत नाही. हातमोजे वापरा. अल्कोहोल पेट घेते, त्यामुळे आजूबाजूला सिगारेट वा देवाची उदबत्तीही नको. काही गॅरेजांत दिव्यांवर दोन घटक मिसळून तयार होणारे कडक लॅकर फवारतात. ते टिकाऊ असते, पण त्यांपैकी अनेकांमधल्या आयसोसायनेट या रसायनांचे तुषार श्वासात गेल्यास दमा जडू शकतो. असे काम योग्य मुखवटा असलेल्या कारागिराकडेच द्यावे. घराच्या बाल्कनीत किंवा बंद पार्किंगमध्ये त्याचा प्रयोग नको.

घासून निघालेला पांढरा चिखल म्हणजे प्लास्टिकचे सूक्ष्म कण. तो बादलीभर पाण्याने गटारात लोटला तर आपल्याकडे शेवटी खाडीतच जातो. त्यापेक्षा जुन्या वर्तमानपत्राने टिपून, वाळवून सुक्या कचऱ्यात टाकावा.

काम झाल्यावर रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून प्रकाशझोत पाहा. लो बीमचा वरचा काठ आता स्पष्ट दिसायला हवा. दोन्ही झोत सारख्या उंचीवर नसतील, तर गॅरेजमध्ये जुळवून घ्या. दिवा धूसर असताना अधिक प्रखर बल्ब बसवणे हा मात्र इलाज नव्हे. जास्त प्रकाश म्हणजे जास्त विखुरणे आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त झळ.

हा लेप कायमचा नसतो. दर वर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी नवा हात द्यावा. तेही जमत नसेल तर निदान दोन-तीन महिन्यांनी कार-वॅक्स लावावे. गाडी उभी करताना तोंड भिंतीकडे, सावलीकडे असावे. दिवे कोरड्या फडक्याने न पुसता आधी पाणी ओतावे, मग पुसावे. स्कूटर-मोटारसायकलच्या दिव्यांनाही हेच लागू आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे दिवसाही आपोआप चालू राहतात ते समोरच्याला दुचाकी दिसावी म्हणून. काच धूसर असेल तर त्या नियमाचा हेतूच फसतो.

काकांनी माझे दिवे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो टूथपेस्ट कुठली वापरली याचा. पुढच्या रविवारी त्यांच्या गाडीचे काम आहे. पाण्याची परीक्षा आम्ही करून पाहिली आहे. दोष बाहेरचाच आहे.